क्षीण प्रतिध्वनी कसा पकडायचा? मायक्रोकंट्रोलर आणि अल्ट्रासोनिक अंतरमापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहिरीतली पाण्याची पातळी, गच्चीवरची टाकी, खाजनातल्या (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतातल्या) मानशीपाशी (पाणी सोडण्या-अडवण्याच्या दारापाशी) चढणारी भरती, पावसाळ्यात फुगणारा ओहोळ, अशा ठिकाणी अल्ट्रासोनिक सेन्सर लावणारे गोव्यात पुष्कळ आहेत. हा सेन्सर कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. प्रकल्प म्हणून हाच विषय घेणारे विद्यार्थीही बरेच. टेबलावर सगळे ठीक चालते, प्रत्यक्ष जागेवर मात्र आकडे उड्या मारू लागतात, नाहीतर काहीच येत नाही. त्यानंतर जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरे. अर्दुइनो उनो हाताळलेला आहे आणि ऑप-अँप म्हणजे काय हे माहीत आहे, एवढे गृहीत धरले आहे.

प्रतिध्वनी क्षीण म्हणजे नेमका किती क्षीण?

आकड्यांत पाहिल्याशिवाय पुढचे काही नीट ठरवता येत नाही, म्हणून आधी हा हिशेब. मुराताच्या एमए४०एस४एस या ४० किलोहर्ट्झच्या ट्रान्समीटरला १० व्होल्ट आरएमएस दिले, तर ३० सेमीवर १२० डेसिबल ध्वनिदाब मिळतो, म्हणजे २० पास्कल. त्याचा जोडीदार रिसीव्हर एमए४०एस४आर एका पास्कलला सुमारे ७ मिलिव्होल्ट देतो.

समोर ४ मीटरवर सपाट भिंत आहे असे धरा. ध्वनीचा जाऊन-येऊन प्रवास ८ मीटर. पसरण्यामुळे दाब २८.५ डेसिबलने उतरतो आणि हवा स्वतः मीटरमागे साधारण १.३ डेसिबल शोषते, ते आणखी १०.४ डेसिबल. शिल्लक राहतात ८१ डेसिबल, म्हणजे ०.२२ पास्कल. रिसीव्हरच्या पायांवर सुमारे दीड मिलिव्होल्ट.

आता भिंतीच्या जागी १० सेमी व्यासाचा चेंडू टांगा. चेंडूवर पडलेला थोडासा ध्वनी सगळीकडे विखुरतो, त्यामुळे उरतात जेमतेम २० मायक्रोव्होल्ट. भिंतीच्या ऐंशीव्या हिश्श्याएवढे! मोठ्या सपाट पृष्ठभागाचा प्रतिध्वनी अंतर दुप्पट झाल्यावर ६ डेसिबलने उतरतो, तर छोट्या वस्तूचा १२ डेसिबलने. हवेचे शोषण त्याखेरीज.

हे आकडे ट्रान्समीटर पूर्ण जोमात आला आहे असे धरून काढले आहेत. आठच सायकल दिल्यास यातलेही बरेच कमी होते.

एचसी-एसआर०४ या तयार सेन्सर मॉड्यूलवर ४ मीटर लिहिलेले असते. माझा अडीच मीटरच्या पुढे काही दाखवत नाही. खराब आहे का?

बहुधा नाही. ४ मीटर हा आकडा मोठ्या, सपाट, सेन्सरला काटकोनात असलेल्या पृष्ठभागासाठी असतो. मॉड्यूल १० मायक्रोसेकंदाच्या ट्रिगरनंतर ८ सायकल सोडते आणि आपल्याच कंपॅरेटरने (ठरलेल्या पातळीशी तुलना करणाऱ्या सर्किटने) "आला" किंवा "नाही आला" एवढाच निर्णय देते. प्रतिध्वनी त्या पातळीच्या जरा खाली राहिला, तरी तुमच्या हाती शून्य. सिग्नल किती कमी पडला हे कळण्याचा मार्गच नसतो.

जागेवर आधी तीन गोष्टी तपासा. ५ व्होल्ट खरोखर ५ आहेत का? लांब, बारीक वायरीवर ते ४.५ पर्यंत उतरलेले दिसतात. दोन पिंगांमध्ये (पिंग म्हणजे एका वेळी सोडलेला ध्वनी) किमान ६० मिलिसेकंद ठेवले आहेत का? नसतील तर मागच्या पिंगचा प्रतिध्वनी पुढच्यात मोजला जातो. आणि पल्सची लांबी मोजणाऱ्या पल्सइन या फंक्शनला वेळेची मर्यादा घातली आहे का? प्रतिध्वनी नसताना बरीच मॉड्यूल ३८ मिलिसेकंदांच्या आसपासचा पल्स देतात. तो अंतर समजून मोजला, की साडेसहा मीटर असा बिनबुडाचा आकडा येतो.

हे सगळे ठीक असूनही पल्ला पुरत नसेल, तर मॉड्यूल बाजूला ठेवून स्वतःचा रिसीव्हर बांधायचा. पुढचे बहुतेक प्रश्न त्याबद्दल आहेत.

गेन वाढवला तर काम होणार नाही का?

एका मर्यादेपर्यंत होते आणि ती मर्यादा मोजता येते. चांगल्या ऑप-अँपचा आणि आसपासच्या रेझिस्टरांचा मिळून इनपुटवरचा गोंगाट दर वर्गमूळ-हर्ट्झला १६ नॅनोव्होल्टच्या घरात असतो. बँडपास फिल्टरने ६ ते ७ किलोहर्ट्झचाच पट्टा आत घेतला, तर एकूण गोंगाट साधारण १.३ मायक्रोव्होल्ट. त्याला ३८०० गेन दिला, की होतात ५ मिलिव्होल्ट. उनोच्या १० बिट एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरीही ४.९ मिलिव्होल्टची.

म्हणजे या गेनला गोंगाट एडीसीची शेवटची पायरी हलवू लागतो. इथे थांबायचे. पुढे वाढवलेला प्रत्येक डेसिबल प्रतिध्वनी आणि गोंगाट दोघांनाही सारखाच मोठा करतो, आणि जवळचे प्रतिध्वनी मात्र आणखी लवकर छताला टेकतात. क्षीण प्रतिध्वनी मिळतो तो पट्टा अरुंद ठेवल्याने, पुरवठा स्वच्छ ठेवल्याने आणि अनेक नमुने बेरजेत घेतल्याने. मेहनत तिथे घ्या.

एलएम३५८ किंवा एलएम३२४ दुकानात सहज मिळतात. तेच वापरले तर?

४० किलोहर्ट्झला ते कमी पडतात. त्यांचा गेन-बँडविड्थ गुणाकार १ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे ४० किलोहर्ट्झला फीडबॅकशिवायही गेन २५ च. त्यात ४० गेनची पायरी मागितली, तर सर्किट चालल्यासारखे वाटते, पण गेन आणि फिल्टरचे केंद्र दोन्ही घसरतात. शिवाय आउटपुटला ५ व्होल्ट पीक-टू-पीक हवे असतील, तर मायक्रोसेकंदाला ०.६३ व्होल्ट एवढा स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा वेग) लागतो. या दोघांना तो जमत नाही आणि साइन लाट त्रिकोणी होऊन बसते.

५ व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावर एमसीपी६०२४ चांगला. एका चिपमध्ये चार ऑप-अँप, १० मेगाहर्ट्झ, रेल-टू-रेल (सिग्नल पुरवठ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊ शकतो), गोंगाट कमी. टीएल०७४ चा वेग पुरतो, पण ५ व्होल्टवर त्याच्या इनपुटला आणि आउटपुटला हलायला जागाच राहत नाही. एनई५५३२ चा गोंगाट उत्तम, पण त्याला जास्त व्होल्टेज द्यावे लागते.

सर्किटच्या प्रत्यक्ष किमती सांगा.

चार ऑप-अँपपैकी एक २.५ व्होल्टचा मध्यबिंदू तयार करण्यात जातो. दोन १० किलोओहम रेझिस्टरांनी ५ व्होल्ट अर्धे करा, मधल्या बिंदूवर १० मायक्रोफॅरड ठेवा आणि त्याला ऑप-अँपने बफर करा. रिसीव्हरचा एक पाय या मध्यबिंदूला, दुसरा पहिल्या ऑप-अँपच्या प्लस इनपुटला, आणि दोन पायांमध्ये १० किलोओहम. हा पहिला टप्पा नॉन-इन्व्हर्टिंग: फीडबॅकमध्ये ९.१ किलोओहम, मायनसपासून मध्यबिंदूपर्यंत १ किलोओहम. गेन १०.

पुढचे दोन टप्पे एकसारखे, मल्टिपल फीडबॅक पद्धतीचे बँडपास. इनपुटचा रेझिस्टर १ किलोओहम, तो जिथे दोन कपॅसिटरांना भेटतो तिथून मध्यबिंदूकडे ६८० ओहम, दोन्ही कपॅसिटर १ नॅनोफॅरड, आणि आउटपुटपासून मायनस इनपुटपर्यंत ३९ किलोओहम. गणिताने केंद्र ४०.०६ किलोहर्ट्झ, क्यू (रेझोनन्स किती टोकदार आहे त्याचे माप) ४.९ आणि टप्प्याचा गेन १९.५ येतो. ऑप-अँपच्या मर्यादित वेगामुळे केंद्र प्रत्यक्षात आणखी थोडे खाली सरकते, पण टप्प्याचा पट्टा ८ किलोहर्ट्झचा असल्याने ते खपून जाते. तिन्ही टप्पे मिळून गेन ३८०० च्या आसपास.

रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. कपॅसिटर सी०जी म्हणजेच एनपी० जातीचे किंवा फिल्मचे. साधा सिरॅमिक चकती कपॅसिटर इथे लावू नका, तापमानाबरोबर त्याची किंमत इतकी बदलते की सकाळी जुळलेला फिल्टर दुपारी भलतीकडे गेलेला असतो.

ब्रेडबोर्डवर ३८०० गेन बहुतेक वेळा स्वतःच गुणगुणू लागतो. खाली अखंड ग्राउंड असलेली छोटी पीसीबी किंवा तांब्याच्या पत्र्यावर थेट सोल्डर केलेले सर्किट शांत राहते. रिसीव्हरची वायर शील्डेड आणि १० सेमीच्या आत ठेवा, म्हणजे ॲम्प्लिफायर सेन्सरच्या पाठीशीच बसवा.

ट्रान्समीटरला किती व्होल्ट आणि किती सायकल द्यायचे?

व्होल्टेज आधी. गेनने जे मिळत नाही ते इथे फुकटात मिळते, कारण ड्राइव्ह दुप्पट केला की प्रतिध्वनी ६ डेसिबलने वाढतो आणि गोंगाट जागच्या जागी राहतो. पिनवरून थेट ५ व्होल्ट पीक-टू-पीक मिळतात. टीसी४४२८ या ड्रायव्हरमध्ये एक बाजू उलटी आणि एक सुलटी असते. दोन्हींच्या मध्ये ट्रान्समीटर जोडून ड्रायव्हरला १० व्होल्ट पुरवठा दिला, की २० व्होल्ट पीक-टू-पीक मिळतात. एमए४०एस४एस ची कमाल मर्यादा तेवढीच आहे. दुसऱ्या जातीचा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारी किंवा ऐकणारी डबी) असेल तर त्याचे माहितीपत्रक पाहून ठरवा. ड्रायव्हरच्या पायाशी १०० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड दोन्ही लावा.

सायकलींच्या बाबतीत देणेघेणे आहे. क्यू २० चा ट्रान्सड्यूसर धरल्यास त्याचा टाइम कॉन्स्टंट १६० मायक्रोसेकंद, म्हणजे सहा-साडेसहा सायकल. ८ सायकलींत तो ७१ टक्क्यांपर्यंत चढतो, १६ मध्ये ९२ पर्यंत. त्यापुढे मोठेपणा फारसा वाढत नाही. ३२ सायकल पाठवल्या तर नुसते पाठवण्यातच ८०० मायक्रोसेकंद जातात आणि पहिले १४ सेमी आंधळे होतात. लांबच्या क्षीण लक्ष्यासाठी १२ ते १६ हा आमच्या मते योग्य मध्य आहे.

टी (ट्रान्समीटर) आणि आर (रिसीव्हर) लिहिलेल्या डब्या अदलाबदल केल्या तर चालते का?

चालते, पण काही डेसिबल हातचे जातात. ट्रान्समीटर त्याच्या सिरीज रेझोनन्सवर, जिथे इंपीडन्स किमान असतो तिथे, ४० किलोहर्ट्झला बसवलेला असतो. रिसीव्हर पॅरलल रेझोनन्सवर ४० ला बसवतात. क्षीण प्रतिध्वनीच्या कामात ही चूक परवडत नाही.

उनोची एडीसी इतकी मंद आहे. तिने ४० किलोहर्ट्झ कसे वाचायचे?

ॲनालॉगरीड फंक्शनने मुळीच नाही. ते एका वाचनाला १०० हून जास्त मायक्रोसेकंद घेते, तेवढ्यात चार सायकल निघून जातात. पण फिल्टरने पट्टा अरुंद केलेला असल्याने पूर्ण लाट टिपायची गरजच उरत नाही. दर पाऊण सायकलीला एक नमुना घेतला तरी पुरतो. पाऊण सायकल म्हणजे १८.७५ मायक्रोसेकंद, आणि १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळात तेच बरोबर ३०० ठोके. आकडा असा चपखल बसतो म्हणून ही पद्धत उनोला फार सोयीची आहे.

टायमर १ सीटीसी मोडमध्ये (ठरलेल्या आकड्याला पोचला की शून्यावर येणारा), प्रीस्केलर (घड्याळ भागणारा भाग) नाही, ओसीआर१ए आणि ओसीआर१बी दोन्ही २९९. एडीसीला ऑटो ट्रिगर, स्रोत टायमर १ चा कंपेअर मॅच बी. एडीसीचा प्रीस्केलर १६, म्हणजे तिचे घड्याळ १ मेगाहर्ट्झ आणि एका वाचनाला १३.५ मायक्रोसेकंद. १८.७५ च्या आत आरामात बसते. या वेगाला अचूकता १० बिटांहून थोडी कमी होते, पण पुढच्या बेरजेत ती भरून निघते. ऑटो ट्रिगरमध्ये प्रत्येक ट्रिगरला एडीसीचा प्रीस्केलर नव्याने सुरू होतो, त्यामुळे नमुन्याची वेळ डगमगत नाही.

इथे हमखास होणारी चूक: ओसीएफ१बी हा फ्लॅग कोडमधून पुसायचा राहतो. एडीसी त्या फ्लॅगच्या चढत्या कडेवर सुरू होते. फ्लॅग उभाच राहिला तर पहिले वाचन होते आणि मग सगळे थंड. एडीसीच्या इंटरप्टमध्ये त्या बिटवर १ लिहून तो पुसा.

नमुने चारचारच्या गटात घ्या. लागोपाठचे चार नमुने लाटेच्या ०, २७०, १८० आणि ९० अंशांवर पडतात. पहिल्यातून तिसरा वजा केला की आय, चौथ्यातून दुसरा वजा केला की क्यू: लाटेचे एकमेकांपासून ९० अंशांवरचे हे दोन घटक (हा क्यू फिल्टरच्या क्यूहून वेगळा). २.५ व्होल्टचा मध्यबिंदू या वजाबाकीतच निघून जातो. आय आणि क्यू यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले, की त्या क्षणीची लाटेची उंची. एक गट ७५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे अंतरात १.३ सेमी. ४ मीटरसाठी ३०५ गट लागतात. प्रत्येकी दोन बाइटांचे आय आणि क्यू धरल्यास १२२० बाइट. उनोच्या २ किलोबाइट रॅममध्ये बसतात, पण बाकीचे ॲरे जपून.

४० किलोहर्ट्झ टायमर २ मधून काढा: प्रीस्केलर ८, ओसीआर२ए २४, टॉगल, पिन ११. पिंग सोडताना जीटीसीसीआर रजिस्टरमधून प्रीस्केलर थांबवून, सगळे काउंटर शून्य करून दोन्ही टायमर एकदम सोडा. नाहीतर प्रत्येक पिंगची फेज थोडी वेगळी येते आणि पुढची सरासरी बिघडते. ऐकण्याच्या २३ मिलिसेकंदांत टायमर ० चा इंटरप्ट बंद ठेवा. मिलिस तेवढे मागे पडेल, हरकत नाही.

हा प्रतिध्वनी आहे की नुसता गोंगाट, हे कोडने कसे ठरवायचे?

पक्की पातळी कोडमध्ये लिहून ठेवू नका. दर काही मिनिटांनी पिंग न सोडता एक पूर्ण वाचन घ्या आणि ३०५ गटांच्या उंचीची सरासरी काढा. ती त्या वेळची गोंगाटाची पातळी. निव्वळ गोंगाटाची उंची रॅले वितरण पाळते. त्यावरून हिशेब केला, तर सरासरीच्या चौपट उंची ओलांडणारा खोटा ठोका साधारण हजार पिंगांत एकदाच येतो. तीन पिंगांपैकी दोनांत त्याच गटात किंवा शेजारच्या गटात ठोका आला तरच मान्य करा, अशी अट घातली की खोटे ठोके जवळजवळ संपतात.

सुरुवातीच्या अंतरासाठी वेगळी, उंच पातळी लागते, कारण तिथे ट्रान्समीटरची थरथर आणि पेटीतून थेट येणारा आवाज असतो. सेन्सर मोकळ्या आकाशाकडे रोखून काही पिंगांची सरासरी काढा आणि तो वक्र ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा. त्याच्या दीडपटीहून कमी उंचीचे काही मान्य करायचे नाही.

सरासरी घेतल्याने खरोखर किती फायदा होतो?

लक्ष्य स्थिर असेल, तर १६ पिंगांचे आय आणि क्यू वेगवेगळे बेरजेत घेतल्याने १२ डेसिबल. म्हणजे चौपट क्षीण प्रतिध्वनी दिसू लागतो, तोही एका सेकंदात आणि एक पैसा न घालवता.

अट मात्र कडक आहे. ४० किलोहर्ट्झची तरंगलांबी पावणेनऊ मिलिमीटर. लक्ष्य १ मिमी हलले तर वाट २ मिमीने बदलते आणि फेज ८० अंशांहून जास्त फिरते. तरंग उठणारे पाणी, वाऱ्यात हलणारी हवा, यांत अशी बेरीज केली तर प्रतिध्वनी स्वतःच स्वतःला खोडतो. तिथे प्रत्येक पिंगची उंची आधी काढून मग उंचींची सरासरी घ्या. फायदा कमी, पण भरवशाचा. बंद टाकीत पहिली पद्धत, उघड्या नदीवर दुसरी. पिंगांमधले अंतर ६० ते ७५ मिलिसेकंदांत यदृच्छेने बदलत ठेवा, म्हणजे दुसऱ्या सेन्सरचा आवाज दर वेळी त्याच गटात पडत नाही.

लक्ष्य जागचे हलत नाही, तरी अंतर दोन-अडीच सेंटिमीटरने बदलते. का?

प्रतिध्वनी हळूहळू चढतो. जोरदार असेल तर दुसऱ्याच सायकलीला पातळी ओलांडतो, क्षीण असेल तर सातव्या-आठव्या. प्रत्येक उशिरा सायकलीमागे २५ मायक्रोसेकंद, म्हणजे ४.४ मिमी. सहा सायकलींना झाले अडीच सेमी. त्यामुळे पातळी ओलांडल्याची वेळ अंतरासाठी वापरू नका. ती फक्त "इथे काहीतरी आहे" एवढे सांगायला. त्यानंतर उंचीचा शिखरबिंदू शोधा, चढत्या बाजूवर शिखराच्या निम्म्या उंचीला वक्र कुठे पोचतो ते शेजारच्या दोन गटांमधून सरळ रेषेने काढा. ही वेळ मोठेपणावर फारशी अवलंबून राहत नाही. जो ठराविक फरक उरतो तो १ आणि ३ मीटरवर ३० सेमी बाजूचा हार्डबोर्ड ठेवून एकदाच मोजा आणि वजा करा.

गोव्याच्या उष्ण-दमट हवेचा कितपत परिणाम होतो?

तापमानाचा पुष्कळ. ध्वनीचा वेग म्हणजे ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले सेल्सिअस तापमान, मीटर प्रतिसेकंद. जानेवारीच्या पहाटे २० अंशांना ३४३.४, मे महिन्याच्या दुपारी ३४ अंशांना ३५१.९. फरक अडीच टक्के, २ मीटरवर ५ सेमी. "५८ ने भागा" हे सूत्र एकाच तापमानाला खरे असते.

आर्द्रतेचा परिणाम लहान आहे, पण इथे तो सोडून देण्यासारखा नाही. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला वेग कोरड्या हवेपेक्षा सुमारे २ मीटर प्रतिसेकंद जास्त असतो. २ मीटरवर सव्वा सेमीच्या आतबाहेर. विहिरीत आणि बंद टाकीत हवा जवळजवळ संपृक्तच असते, तेव्हा तिथे ही दुरुस्ती कायमची घालून टाका.

तापमापक डीएस१८बी२० चालेल, पण तो इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीत ठेवू नका. ध्वनी ज्या हवेतून जातो तिचे तापमान हवे. गच्चीवरच्या काळ्या टाकीत दुपारी झाकणाखालची हवा आणि पाण्याजवळची हवा यांत बराच फरक असतो. दोन तापमापक लावून सरासरी घ्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे पक्क्या अंतरावर, समजा ५० सेमीवर, बोटाएवढी जाड सळई बाजूला धरून ठेवणे. तिचा प्रतिध्वनी दर वेळी मोजला की त्या क्षणीचा वेग आपोआप मिळतो. तापमान, आर्द्रता दोन्ही त्यात आले.

चिऱ्यांच्या विहिरीत सेन्सर लावला. पाण्याऐवजी भलतेच अंतर दाखवतो.

उघड्या ट्रान्सड्यूसरचा झोत रुंद असतो, एमए४०एस४एस चा ८० अंश. विहिरीच्या तोंडाशी लावला की बाहेर आलेला चिरा, भिंतीत उगवलेला नेचा, पंपाचा पाइप, सगळ्यांचे प्रतिध्वनी पाण्याच्या आधी पोचतात. "पहिला प्रतिध्वनी घ्या" हा नियम इथे फसतो.

पाणी हवेतल्या ध्वनीसाठी जवळजवळ पूर्ण आरसा आहे, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी बहुधा सर्वांत मोठा असतो. सेन्सर विहिरीच्या मध्यावर आडव्या पट्टीवर घ्या, दोन्ही ट्रान्सड्यूसरांना कर्णे बसवून झोत अरुंद करा, आणि पट्टी पाणसळीने तपासा. झोत अरुंद केला की तिरपेपणा नडतो. पाणी सपाटच राहते आणि प्रतिध्वनी बाजूने निघून जातो. यानंतरही भिंतीचे ठोके उरले, तर ते नेहमी त्याच गटांत येतात, पाण्याचा मात्र सरकतो. पाणी खूप खाली असताना घेतलेले वाचन पार्श्वभूमी म्हणून साठवा आणि त्यापेक्षा वाढलेलेच गट विचारात घ्या.

पाइपमधून मोजायचे असेल तर ११० मिमीचा पीव्हीसी अखंड घ्या. मधला प्रत्येक सांधा स्वतंत्र प्रतिध्वनी देतो. पाण्याखाली बाजूंना भोके हवीतच, शिवाय वरच्या टोकाला हवा सुटायलाही एक, नाहीतर पाइपमधली पातळी बाहेरच्या पातळीबरोबर हलत नाही.

साबणाचा फेस किंवा शेवाळाचा थर पाण्यावर असेल तर ध्वनी त्यातच जिरतो. कितीही गेन द्या, तिथे ही पद्धत सोडावी.

मांडवीच्या काठी भरती-ओहोटी मोजता येईल का?

शिकण्यासाठी जरूर. मोठ्या भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटर असतो, अंतर आवाक्यात आहे. मिनिटभराच्या वाचनांचा मध्यक घेतला की लाटा पुसल्या जातात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवीकाठच्या वेरेंला अशा मोजणीसाठी रडार गेज वापरला आहे. रडारच्या लहरींना हवेच्या तापमानाने फरक पडत नाही, हे त्यामागचे मोठे कारण. ध्वनीने मोजताना वर सांगितलेली सळई इथे अनिवार्य समजा.

पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत सेन्सर किती टिकतो?

उघडा ट्रान्सड्यूसर समुद्राजवळ फार टिकत नाही. जाळीत एक थेंब अडकला तरी प्रतिध्वनी गायब होतो, आणि ॲल्युमिनियमच्या डबीवर पांढरी पूड धरू लागली की संवेदनशीलता उतरत जाते. जेएसएन-एसआर०४टी सारखे बंद तोंडाचे सेन्सर पाणी सोसतात, पण एकच डबी बोलते आणि ऐकते, तिची थरथर लांब चालते आणि पहिले २० ते २५ सेमी मोजता येत नाहीत. टाकी काठोकाठ भरते तिथे सेन्सर तेवढा उंच बसवा.

पीसीबीवर कन्फॉर्मल लॅकर (ओलाव्यापासून जपणारा पातळ थर) मारा, ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला मात्र त्याचा एक शिंतोडाही नको. पेटीची वायर खालून आत घ्या आणि आत जाण्याआधी तिला लोंबता वाक द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळते. सेन्सर खाली तोंड करून असेल तर थेंब धरण्याची भीती कमी, पण कुंभारीण माशीला अशी उलटी नळी फार आवडते. कर्ण्यात मातीचे घर झाले की सेन्सर कायम दहा-पंधरा सेमी दाखवत राहतो. कोडमध्ये "अंतर तासभर अगदी न बदलता जवळचे" हा बिघाड म्हणून नोंदवा आणि महिन्यातून एकदा कर्णा झाडा.

लक्ष्य नसतानाही गोंगाट खूप आहे. कुठून येतो?

ट्रान्समीटर काढून ठेवा आणि रिसीव्हरवर जाड कापड गुंडाळा. गोंगाट कमी झाला तर तो हवेतून येतो: पत्र्यावरचा पाऊस, गळणारी कॉम्प्रेसरची नळी, ट्रकचे एअर ब्रेक, संध्याकाळी वटवाघळे. तसाच राहिला तर तो वायरींतून येतो. स्वस्त एसएमपीएस चार्जर हे पहिले संशयित, त्यांची स्विचिंग वारंवारता किंवा तिचे गुणक ४० च्या आसपास पडतात. बॅटरीवर चालवून पाहा. ॲम्प्लिफायरच्या ५ व्होल्टमध्ये ४७ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड घाला. वायफायचे मॉड्यूल त्याच पुरवठ्यावर असेल, तर ऐकताना ते गप्प ठेवा.

रिसीव्हर जिवंत आहे का हे पाहायचे असेल तर त्याच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवा. त्यात ४० किलोहर्ट्झ भरपूर असतात, स्कोपवर लगेच दिसतात.

दुसरा मायक्रोकंट्रोलर घ्यावा का? की तयार चिपच?

एसटीएम३२एफ१०३ असेल तर काम सोपे होते. ७२ मेगाहर्ट्झला ४५० ठोक्यांवर टायमर लावला की सेकंदाला १,६०,००० नमुने, म्हणजे सायकलीला बरोबर चार. डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता) ते थेट रॅममध्ये जातात, ४ मीटरसाठी साडेसात किलोबाइटांच्या आत. ईएसपी३२ ची एडीसी मात्र गोंगाटी आणि वाकडी आहे. एचसी-एसआर०४ त्याला जोडताना इको पिनवर १ आणि २ किलोओहमचा विभाजक लावा, ५ व्होल्ट थेट देऊ नका. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीजीए४६० ही चिप ड्रायव्हर, ॲम्प्लिफायर आणि वेळेनुसार बदलणारी पातळी हे सगळे एकत्र देते. उत्पादन बनवायचे असेल तर ती, शिकायचे असेल तर वरचे सर्किट.

घरातल्या कुत्र्याला त्रास होतो का?

कुत्र्यांना ४० किलोहर्ट्झच्या थोडे वरपर्यंत ऐकू येते. दर सेकंदाला सतरा पिंग करणारा सेन्सर त्याच्या झोपायच्या जागेकडे रोखू नका. टाकीसाठी मिनिटाला सोळा पिंगांचा एक घोस पुरेसा होतो, आणि बॅटरीही वाचते.